कार्डांची पाठ

"इथे सही करा, बाई." ग्रंथपालांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं.

कार्डबाईंनी पेन घेतलं नाही. चष्मा पदराला पुसला आणि कागद दोनदा वाचला. ग्रंथालयाच्या तालिका-विभागातल्या, पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांवरची सर्व माहिती नव्या डिजिटल संग्रहात उतरवली आहे, सबब कप्पे आणि कार्डं नष्ट करायला हरकत नाही, असा मजकूर होता. विभाग ज्याच्या ताब्यात, त्याच्या सहीशिवाय विद्यापीठातली एक खुर्चीसुद्धा मोडीत निघत नसे. हा विभाग कार्डबाईंच्या ताब्यात होता, आणखी एक महिना.

"सर्व म्हणजे सर्व?"

"ऐंशी हजार कार्डं, बाई. तीन महिन्यांत! मशीन आहे ते."

"आणि पाठीमागून?"

"पाठीमागून काय?"

"कार्डाला पाठ असते, साहेब. तुम्हाआम्हाला असते तशीच."

ग्रंथपाल हसले. माणूस वाईट नव्हता. तो आल्यापासून पोरं घरबसल्या शोधनिबंध वाचत होती, तुकडे पडायला आलेली वर्तमानपत्रं पडद्यावर धड दिसत होती. कार्डबाईंना त्याचं कौतुकच होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या स्वतः ते सगळं शिकल्या होत्या आणि आता प्राध्यापकांना शिकवत होत्या. प्राध्यापक लवकर शिकत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार.

पण विभागाची एक रीत होती. वाचकानं काही विचारलं, कार्डावर ते सापडलं नाही आणि चार दिवस खपून कुणी शोधून काढलं, की ते त्या कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवायचं. तेही शिसपेन्सिलीनं. "शाई नको गं," विभागाच्या आधीच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणायच्या, "आपलं चुकलं तर खोडता आलं पाहिजे." ऐन विशीत धूळ झटकायच्या कामाला लागलेल्या कार्डबाईंना कप्प्यांपाशी आणून बसवलं ते त्यांनीच. "तू पुसतेस कमी आणि वाचतेस जास्त," असं म्हणून.

"सुईण असं शोधा बरं," कार्डबाई म्हणाल्या.

ग्रंथपालांनी शोधलं. पडद्यावर शून्य.

बाई उठल्या, एक लांबोडका कप्पा कडेवर घेतल्यासारखा घेऊन आल्या आणि न बघता कार्ड काढलं. बाळंतपणावरचं जुनं पुस्तक, लेखक म्हणून एका डॉक्टरांचं नाव. त्यांनी कार्ड उलटवलं. मोठ्या बाईंचं बारीक अक्षर : 'लिहिलं यांच्या हाताखालच्या सुईणीनं. पान चारवर आभाराची शेवटची ओळ पाहा.' खाली दुसरं, जरा भेदरलेलं अक्षर : 'पाहिली. खरं आहे.'

"हे खालचं कुणाचं?"

"माझं. तेव्हा मला वाटायचं, माझं लिहिलेलं कोण वाचणार!"

ग्रंथपालांनी कार्ड पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांना डिजिटल संग्रहाचं सोमवारचं उद्घाटन आठवलं. "शुक्रवारी रद्दीची गाडी येतेय. कुलगुरू येण्याआधी दालन रिकामं हवं. चार टिपांपायी अडून बसू नका. तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, हे विसरू नका."

"नीट ठेवा," कार्डबाई म्हणाल्या. "मधूनमधून उलटूनही बघा."

घरी लेक वैतागली. "आई, महिन्यानंतर तुला तिथे जायचंय का? कर की सही!"

"म्हणूनच नाही करत. मी असते तर कुणी विचारलं असतं, मी सांगितलं असतं. नसल्यावर कोण सांगणार?"

"हट्टी आहेस."

"आहेच. भाजी ढवळ, लागतेय खाली."

शुक्रवारी गाडी आली. कार्डबाई चौऱ्याऐंशी कप्प्यांसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. थोरल्या हमालानं विचारलं, "मावशी, सहीचा कागद?"

"साहेबांना परत दिलाय मी. सही नाहीये त्यावर."

"मग आम्ही हात नाही लावणार. बसा निवांत." आणि गाडी आली तशी रिकामी गेली.

ग्रंथपाल तणतणत केबिनमध्ये शिरले. बाईंविरुद्धच्या तक्रारीला जोडायचा म्हणून त्यांनी तो कागद ओढून काढला, तर तो उलटा हातात आला. पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं : 'कार्डांची फक्त पुढची बाजू उतरवली आहे. मागची राहिली आहे. चुकत असेन तर खोडावे.'

टेबलावर खोडरबर होतं. ते त्यांनी उचललं आणि परत जागेवर ठेवलं. मग त्यांनी कागद फायलीला लावला, पाठीची बाजू वर करून.

दालनात कार्डबाई मशीनपाशी बसल्या होत्या. एकेक कार्ड पालथं ठेवत होत्या. पेन्सिल फिकी, म्हणून प्रत्येकाला उजेड कमीजास्त करावा लागत होता.

"महिन्यात नाही व्हायचं हे, बाई," ग्रंथपाल दारातूनच म्हणाले.

"नाहीच व्हायचं." त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या कुलगुरूंना सांगा, कप्प्यांना वळसा घालून या म्हणावं."

पाचला त्यांनी मशीन बंद केलं. पहिला कप्पा निम्मासुद्धा झाला नव्हता. जिथवर झालं होतं तिथे त्यांनी एक कोरं कार्ड उभं खोचलं, त्यावर लिहिलं, 'इथून पुढे', आणि टोक केलेली पेन्सिल शेजारी ठेवून त्या चपला शोधू लागल्या.