माझ्या मापाची शेगडी

शेगड्यांच्या दुकानात शिरताना ड्वाइटने माझ्या पिशवीत डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, लाकूड घेऊन आलीस? घरचं?"

"मग? बूट घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जातात का?"

गेल्या जानेवारीत बर्फाच्या वादळात चार दिवस वीज गेली होती. माझं घर तापतं विजेवर, आणि बैठकीतली दगडी फायरप्लेस दिसायला झकास, कामाला शून्य. कितीही लाकडं घाला, ऊब धुराड्यातून आभाळात. चौथ्या दिवशी माझा हा मुलगा कसाबसा पोचला, तेव्हा मी दोन कोट आणि लोकरीची टोपी घालून बसले होते. तो दारातच रडला. पुढच्या आठवड्यात, मला न विचारता, शहरातल्या वृद्धाश्रमात त्याने माझ्या नावाची खोली धरून ठेवली.

मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. शेवटी ठरलं ते असं: फायरप्लेसच्या पोटात बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी घ्यायची. ती मला एकटीला भरता आली तर मी घरी. नाहीतर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर वृद्धाश्रम.

ड्वाइट तडक सगळ्यात मोठ्या शेगडीपाशी गेला. "हीच. सगळं घर तापेल. फायरप्लेस छत्तीस इंच रुंद आहे, मी मोजलीय."

"हिला बावीस इंची ओंडके लागतात," दुकानदार रोलंड म्हणाला आणि त्याने तसला एक ओंडका माझ्यापुढे ठेवला. मी दोन्ही हातांनी उचलला. गुडघ्यापर्यंत आला, मग खाली ठेवावा लागला.

"बघ," ड्वाइट हळूच म्हणाला. "मी हेच सांगत होतो."

त्या 'बघ'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही तू निवडलेली. आता माझी बघ."

कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान शेगडीचं दार उघडून मी माझं सोळा इंची मॅपलचं लाकूड एका हाताने आत सारलं आणि दार लावून घेतलं.

"ही पहाटेपर्यंत विझेल, आई. उठून परत भरावी लागेल."

"या वयात पहाटे तीनला उठायला मला कुणी सांगावं लागत नाही."

रोलंडला हसू आवरेना. मग तो ड्वाइटला म्हणाला, "सगळे मोठीच नेतात. मग घर फार तापलं की हवा बंद करून तिला घुसमटवतात. धुराड्यात काजळी साचते आणि एक दिवस धुराडंच पेटतं. बरं, मागच्या बाजूचं माप किती?"

"मागच्या? मी पुढूनच घेतलं."

मी पिशवीतून घडी घातलेला पुठ्ठा काढला. रविवारी फायरप्लेसमध्ये रांगत शिरून मी तो आतल्या आकाराचा कापला होता. केसांतली राख अजून निघाली नव्हती. पुढे छत्तीस, मागे फक्त चोवीस. शेगड्यांवर धरून पाहिला तर मोठी दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याबाहेर आली. लहान बरोब्बर बसली.

ड्वाइट खुर्चीत बसला. "आणि लाकडं आणताना बर्फात पडलीस तर?"

माझा राग थोडा उतरला. "पडले तर माझ्या अंगणात पडेन. तुला एवढी काळजी असेल तर दर रविवारी येऊन आठवड्याची लाकडं घरात आणून ठेव. पण मला उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही."

रोलंडने खरेदीचे कागद ड्वाइटकडे सरकवले. मी ते माझ्याकडे ओढले आणि सही केली.

ट्रकमध्ये बसल्यावर मी म्हटलं, "आता वृद्धाश्रमात फोन लाव. माझ्यासमोर."

त्याने स्पीकरवर लावला. "व्हर्ना पेल्कींच्या नावाची खोली आहे ना, ती आता नको. मी त्यांचा मुलगा."

पलीकडची बाई एकदम हळवी झाली. "अरेरे! कधी वारल्या?"

मी ड्वाइटच्या हातातून फोन घेतला.

"वारले नाही," मी म्हटलं. "शेगडी घेऊन घरी चाललेय. खोली दुसऱ्या कुणाला द्या."