संचापुके

नाकाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गॅस कंपनीच्या तक्रार खात्यात चौतीस वर्षं काढली, दारात उभं राहून नुसतं हुंगायचं आणि गळती रेग्युलेटरला आहे की नळीला ते सांगून मोकळं व्हायचं, त्यावरून पडलेलं नाव. आता गुडघे पार झिजले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अकरा महिन्यांत नाकाडे चार वेळा खाली उतरले, तेही शेजारच्या दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं म्हणून. बाकीचे दिवस पलंग, खिडकी, न्हाणीघर. रस्त्यावरच्या कुत्र्याचासुद्धा त्यांना हेवा वाटायचा.

शेवटी सांधे बदलायचं ठरलं आणि इस्पितळाचं पत्र आलं. तिथे एक संशोधन चाललं होतं. सांधे बदलण्याआधी रुग्णाची वासाची तपासणी करायची, जमल्यास घरातल्या निरोगी माणसाचीही. ज्यांना वास येत नाही त्यांच्या आणखी तपासण्या होतील, आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल.

नाकाड्यांनी पत्र घडी करून उशीखाली सारलं. दोन वर्षं झाली, त्यांना कशाचाच वास येत नव्हता. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस सुटला, आणि हे महाशय शेजारीच पेपर वाचत बसलेले. बायकोने न्हाणीघरातून धावत येऊन बटण बंद केलं. जन्मभर ज्या नाकाच्या जोरावर मिरवले त्यानेच तोंडघशी पाडलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी त्याच दिवशी ठरवलं.

बायको जन्माची मास्तरीण. निरोगी माणूस म्हणून ती आधी जाऊन आली. बारा पेनं होती, शाईऐवजी वास भरलेली, क्रम सगळ्यांना तोच. एकेक हुंगायचं आणि चारांतलं एक उत्तर निवडायचं. तिची दहा बरोबर आली. पण चुका कळल्याशिवाय मास्तरीण उठेल कशी? उरलेली दोन उत्तरं तिने तपासणाऱ्या मुलीकडून गोड बोलून काढून घेतली आणि घरी येऊन नवऱ्याला समोर बसवलं.

"संत्रं, चामडं, पुदिना, केळं. म्हणा, संचापुके."

"संचापुके."

"लिंबू, लसूण, कॉफी, सफरचंद. लिंलकॉस. मग लवंग, अननस, गुलाब, मासे. लअगुमा."

"अगं, ही कुठली भाषा?"

"जिना उतरायची. म्हणा."

तपासणीच्या दिवशी नाकाड्यांनी कमाल केली. एकाही पेनाला वास म्हणून नव्हता, पण गुलाबाला डोळे मिटले, माशाला नाक मुरडलं. बायको शेजारी बसून ओठातल्या ओठात लअगुमा म्हणत होती.

"काका, बारापैकी बारा!" डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "या महिन्यातले तुम्ही पहिलेच."

जिंकलो, असं नाकाड्यांना वाटलं. त्या भरात त्यांनी विचारलं, "पण गुडघ्याच्या कामात नाकाची भानगड कशाला?"

"वास जायला कारणं पुष्कळ असतात, काका. पण कंपवातात कधी कधी आधी वास जातो आणि मग काही वर्षांनी हात थरथरायला लागतो. अशा माणसाची भूल, औषधं, नंतरचं चालणं, सगळं निराळं सांभाळावं लागतं. आधी कळलं नाही, तर नवा गुडघा बसूनही माणूस खाटेलाच खिळायचा. तुमचा तो प्रश्न मिटला. सोमवारी भरती व्हा."

नाकाड्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा हलत होता, पिठाची गोळी वळावी तसा. पाच महिने झाले याला. काठी धरून धरून होतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं.

आता तीही त्या अंगठ्याकडेच बघत होती.

नाकाड्यांनी अंगठा मुठीत दाबला. बोलावं तर सोमवार गेला, पुन्हा ती खुर्ची, तो पलंग, ती खिडकी. न बोलावं तर... हिनेच सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटलं. तिच्या डोळ्यांतही तेच होतं, यांनीच सांगावं.

"काही विचारायचंय?" डॉक्टरीणबाईंनी फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं. या पेनात मात्र शाई होती.

"नाही," नाकाडे म्हणाले.

बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला. सही करायला त्यांनी आपला हात ओढून पाहिला. ती सोडत नव्हती.