शेपटीचं पांढरं टोक

मित्रांनो, मी एक म्हातारी जिबोया आहे. अजगराच्या कुळातली, बिनविषारी. ब्राझीलमधल्या बाहियात, कोकोच्या बागेत माझा जन्म झाला. आम्ही बावीस भावंडं. बाकी सगळी सरळ, माझी शेपटी मात्र टोकाजवळ वाकडी. त्यामुळे फांदीवरची पकड कच्ची राहायची. कात टाकतानाही त्या वाकणापाशी जुनी कात अडकायची आणि टोक पांढरं दिसायचं. तेच माझ्या जिवावर उठलं.

मी तेव्हा हातभर लांब होते. तोडणी चालू होती. बागवाल्यांचा मुलगा एराल्दो लांब काठीच्या कोयत्याने फळं पाडत होता. फांदीला हिसका बसला, माझी पकड सुटली आणि मी खालच्या टोपलीत पडले. त्याच वेळी त्याच्या बहिणीचा, जासिराचा हात आत आला. केवढा मोठा हात! मी घाबरले आणि चावले.

"दादा! साप!"

एराल्दो धावत आला. त्याने टोपली पालथी केली.

"शेपटीचं टोक पांढरं आहे! जराराकाचं पिल्लू!"

जराराका म्हणजे जालीम विषाची सापीण, आणि तिच्या पिल्लांच्या शेपटीचं टोक पांढरं असतं. गेल्याच हंगामात त्यांचे वडील तिच्या दंशाने गेले होते. एराल्दोने कोयता उगारला, पण त्याची आई ओंदिना ओरडली, "मारत काय बसलास? आधी गाडी आण!"

त्याने तीच टोपली माझ्यावर उपडी घातली, वर दगड ठेवला आणि तो पळत सुटला.

आत अंधार होता. मी टोपलीच्या वेताला अंग घासत वाट शोधत होते. बाहेर कुणीतरी थरथरत होतं, ते मला जमिनीतून कळत होतं.

"आई, मीही बाबांसारखी जाणार का गं?"

"गप बस. हलू नकोस. हात दाखव." ओंदिनाला कमी दिसायचं. तिने तो हात पार नाकाशी नेला असावा. मग तिचा आवाज आला, "अगं, तुझ्या बाबांच्या पायाला दोन खोल भोकं होती. ही तर कंगवा टोचल्यासारखी बारीक रांग आहे. दुखतंय?"

"झोंबतंय नुसतं."

"सूज?"

"नाही. पण आई, येईल का?"

जासिरा सुजेची वाट पाहत होती, मी कोयत्याची.

गाडी आली. हात तसाच होता. एराल्दोने कोयता उगारूनच टोपली उचलली. वेताच्या खाचेत कातीचा पांढरा तुकडा अडकला होता आणि माझी शेपटी टोकापर्यंत तांबूस तपकिरी झाली होती. पाठीवरची नक्षीही आता त्याला दिसली असावी.

"जिबोया," तो पुटपुटला. कोयता मात्र खाली आला नाही.

"दादा, नको," जासिरा म्हणाली. तिचे ओठ अजून पांढरेफटक होते. "हात मी घातला होता."

त्याने कोयता खाली घेतला. मग त्याने मला काठीवर उचललं आणि कोको वाळवायच्या फळ्यांखाली सोडून दिलं. ओंदिनाने तरीही लेकीला दवाखान्यात नेलंच.

त्या फळ्यांखाली मी पुष्कळ वर्षं उंदीर खाल्ले. लोक कौतुकाने मला 'वाकडी' म्हणायचे. जासिरा मात्र कधी जवळ आली नाही. लांबूनच बघायची आणि दुसऱ्या वाटेने जायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता बाग दुसऱ्यांकडे आहे. नवे मजूर आले आहेत, त्यांना माझं नाव ठाऊक नाही. पावलं वाजली की मी अजूनही अंग चोरते.

मित्रांनो, साप दिसला तर जरूर घाबरा. हात लावू नका, मागे सरा, जाणत्या माणसाला हाक मारा. पण तुमच्या भीतीच्या हाती कोयता देऊ नका. समोरचा जीवही तेवढाच घाबरलेला असतो आणि त्याला 'थांबा' म्हणता येत नाही.