तीन नंबरची मशीन

कापूस वेचायच्या यंत्रांसाठी सरकारचा संशोधन निधी आला होता आणि तो पाचांपैकी एकालाच मिळणार होता. पैसा जनतेचा, तेव्हा स्पर्धा निकोप हवी, म्हणून अर्जदारांची नावं झाकून यंत्रांवर नुसते नंबर चिकटवले होते. परीक्षक आम्ही तिघं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवते आणि असल्या कामात माझा रुबाब काही विचारू नका.

दुपारभर यंत्रं घरघरत होती. कापसाचे पुंजके सुटून पंख्याखाली तरंगत होते, हॉल हळूहळू पांढरा होत गेला. जेवणानंतर परीक्षकाला खुर्चीच देऊ नये. मला वडनेरचं आमचं वावर दिसायला लागलं. तीन नंबरची मशीन हलकी होती, तिचं पातं बोटांना कुठेच लागत नव्हतं. सगळ्यांत जास्त गुण तिला देऊन मी मोकळी झाले.

मग तिची कापूस गोळा करायची काळी पिशवी उलटून पाहिली. आत वाळलेल्या दह्याचा पंजा उमटला होता. आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात, वावरात दहीभात ठेवून पूजा करतात. पण नव्या पिशवीवर दह्याचा हात उमटवणारी बाई मी एकच पाहिली आहे, आणि या पंज्याचं मधलं बोट अर्धंच होतं. कडबा कापताना आईचं बोट गेलं तेव्हा मी नववीत होते.

म्हणजे मशीन अंकुशची, माझ्या धाकट्या भावाची. चार वर्षं तो वेल्डिंगच्या दुकानात काहीतरी जोडत बसलाय हे ठाऊक होतं. अर्ज केल्याचं पठ्ठ्याने कळू दिलं नव्हतं. मी परीक्षक आहे हे त्यालाही ठाऊक नसावं. सरकारने नावं झाकली, पण आईला कोण सांगणार?

मी पिशवी सरळ केली. कोणालाच कळणार नव्हतं. तरंगत्या कापसातून लहानपणचा अंकुश हात पसरून पळत होता. माझे गुण ओळखण्याआधीचे होते, हेही खरंच होतं, आणि त्या खरेपणाला मी बराच वेळ धरून बसले. त्याने जिंकावं असं मला पोटातून वाटत होतं.

शेवटी उठले आणि अध्यक्ष देवेंद्र सरांना सांगितलं की तीन नंबर माझ्या भावाचा आहे. नियमाप्रमाणे माझे सगळे गुण रद्द झाले. निधी अल्लीपूरच्या आचल नावाच्या मुलीच्या मशीनला गेला. अंकुश अगदी थोड्या गुणांनी मागे पडून दुसरा आला.

संध्याकाळी वडनेरला गेले. तो अंगणात मशीन उतरवत होता, त्याला सगळं कळलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, "त्या आचलच्या घरचं कोनी होतं का परीक्षकांत?"

"नाई. कोनीच नव्हतं."

तो मशीनवरचे कापसाचे पुंजके एकेक करून काढत राहिला.

"मंग बराबर केलं तू, ताई," तो म्हणाला. "पन आज माह्यासंग बोलू नको."