थुआनकाकांचं खमीर

नव्या वर्षाची सुट्टी संपली आणि तिएन हाईच्या किनाऱ्यावर जी झिमझिम लागली, ती तीन आठवडे थांबली नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ नाही, आणि शेवाळ नाही म्हणजे न्यानताईच्या तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, पिल्लं उपाशी. मी तिच्याकडे टाक्या धुते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं.

आठ टाक्यांत तिळाएवढी पिल्लं होती, लाखोंनी. त्यांना आम्ही हिरवं पाणी पाजतो, म्हणजे जिवंत शेवाळ वाढवलेलं पाणी. त्याच्या पाचपैकी चार पिंपं दोन दिवसांत तपकिरी पडली. शेजारपाजारी सगळ्यांची तीच गत, मागायचं कुणाकडे?

ताईचे सासरे थुआनकाका तांदळाची दारू गाळतात. हिरव्या पाण्याजवळ यायची त्यांना बंदी होती. त्यांच्या हातांचं खमीर पिंपात पडलं तर पाणी बिघडेल, असं ताई म्हणायची. काकांना ते लागलं होतं. ज्या खमिराच्या जिवावर मुलगा शिकला ते आता सुनेला घाण वाटतं, हे ते जेवताना भिंतीकडे बघून ऐकवायचे.

पिंपं गेल्याचं कळताच ते खमिराची बादली घेऊन आले. हेही जिवंतच, हेही बारीकच, मग का नाही खाणार, असं त्यांचं म्हणणं. ताईनं तसं कुठेतरी वाचलं होतं. एका टाकीत दोन चमचे टाकून बघू म्हणाली आणि फोन घ्यायला आत गेली. काकांनी तेवढ्यात अख्खी बादली ओतली. उपाशी पोरांना दोन चमच्यांनी काय होतंय, असं मलाच विचारलं.

दुपारपर्यंत टाकी पेजेसारखी पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वास सुटला होता आणि निम्म्याहून जास्त पिल्लं तोंड उघडून पडली होती.

काका जेवले नाहीत. पायरीवर पाठ करून बसले. आता ताई तोंड सोडणार असं मला वाटलं, पण तिनं त्यांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"बघा बाबा. खमीर पोटात जातंय, पण तसंच्या तसं बाहेर पडतंय. त्याचं कवच त्यांना पचत नाही. उरलेलं पाण्यात सडतं."

काकांनी डोळा लावला तो काढेनात. तसेच वाकून म्हणाले, "ही पाय बाहेर काढतेय गं."

"काढणारच. जिवंत आहे ती."

"एवढासा पाय," काका म्हणाले. "मी त्यांना बादलीनं वाढलं."

मग त्यांनीच विचारलं की सगळंच न पचो, थोडं तरी पचत असेल ना? उरलेल्या पिंपातलं हिरवं पाणी अर्धं आणि खमीर अर्धं दिलं तर? ताईनं हो म्हटलं, पण माप तिचं.

काकांनी खमीर सात पाण्यांतून धुतलं, दारूचा वास पार जाईपर्यंत. बारीक फडक्यातून गाळलं. उभं आयुष्य हाताच्या अंदाजानं काम केलेला माणूस, आता नाकावर चष्मा ठेवून थेंब मोजू लागला. दिवसातून सहा वेळा, थोडंथोडं. मध्येच कुणी हाक मारली तर आकडा चुकायचा, मग आम्हाला शिव्या. ताई रोज पाणी बदलायची आणि काही पिल्लं काचेखाली धरायची. काका मागे उभे राहून आपली पाळी यायची वाट बघायचे.

पिल्लं फार वाढली नाहीत, पण मरायची थांबली. आठव्या दिवशी ताईनं त्यांच्या कडांवर पांढरी नवी रेघ दाखवली, शिंपला वाढल्याची. काकांनी ती मलाही दाखवली, मग दाराशी आलेल्या मासळीवालीलाही.

चौथ्या आठवड्यात ऊन पडलं. पिंपं परत हिरवी झाली. सात टाक्यांतलं बी, म्हणजे ही पिल्लं, दोन आठवडे उशिरा, पण धडधाकट, किनाऱ्याच्या चिखलातल्या तिसऱ्यांच्या शेतांवर गेलं.

त्या सकाळी काका रिकामे रिकामे फिरत होते. ताईनं बघितलं.

"बाबा, कोपऱ्यातली टाकी तुमची. पुढच्या पिल्लांना तांदळाच्या कोंड्याचं पाणी द्यायचं डोक्यात आहे माझ्या. बघता का जमतंय का?"

"चाळण बारीक लागेल," काका म्हणाले, आणि ती आणायला निघालेसुद्धा.