हिरड्यांवरचं ऊन

नारिनच्या डोंगरात मेंढ्यांची पारख उलकानबाईंइतकी कुणाला नव्हती. मेंढी मलूल दिसली की त्या तिचा ओठ वर करून हिरड्या बघत आणि दुखणं तिथल्या तिथे सांगत. घरातल्या सुनेकडे मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. म्हणजे होतं, पण ते चुका काढण्यापुरतं.

सून बेगाईम उन्हाळाभर वरच्या कुरणावर राहून काळवंडली, त्यात नवल नव्हतं. तिथून उतरताना सगळेच रापलेले असतात. पण बर्फ पडला, गावात बाकीच्यांचे चेहरे उजळले, आणि हिचा रंग गडदच होत गेला. तुझ्या बायकोला ऊन भारी चिकटलंय, असं म्हणून शेजारी एर्मेकला चिडवत. तोही हसण्यावारी नेई.

मग तिला सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. मेंढ्यांसाठी ठेवलेलं मिठाचं ढेकूळ ती चोरून चाटताना सापडली, तेव्हा उलकानबाईंना आकाश ठेंगणं झालं. डोहाळे लागले म्हणून त्यांनी अर्ध्या गल्लीला सांगितलं, पाळणासुद्धा माळ्यावरून उतरवला. गावातल्या नर्सने तपासून नाही म्हटलं, आणि सगळा राग सुनेवर निघाला. सून दमले म्हणून पडून राहते आणि सासूने पाहुण्यांना चहा ओतायचा म्हणजे काय? आळशी आहे, माहेरी पाठवा, इथपर्यंत बोलून झालं. बेगाईम मान खाली घालून ऐकत राही. त्या घरात सुनेने सासूला उलट उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती गोठ्यात कोसळली. उलकानबाई धावल्या, खाली बसल्या, आणि हाताची सवयच ती, त्यांनी तिचा ओठ वर केला. हिरड्यांवर निळे-काळे डाग होते. तोंडात कुठून ऊन शिरणार? मिठासाठी तडफडणाऱ्या, रोडावत चाललेल्या मेंढीला त्यांनी चार दिवसही तसं ठेवलं नसतं. इथे पाच महिने गेले होते.

"गाडी काढ," त्या एर्मेकला म्हणाल्या. "हिला काही झालं तर दोष माझा."

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी सलाईन लावलं, मग समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात. हिच्या सुकत चालल्यात, म्हणूनच हा काळा रंग, उलट्या आणि मिठाची ओढ. त्यांचं काम आता गोळ्या करतील, जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही, ताप आला तर डोस वाढवायचा. दोन दिवस उशीर झाला असता तर मुलगी हाती लागली नसती, असंही त्या म्हणाल्या. उलकानबाई तिथेच ओक्साबोक्शी रडल्या.

जूनमध्ये पुन्हा कुरण आलं. पहिल्याच सकाळी तंबूत शेजारणी जमल्या होत्या. उलकानबाईंनी स्वतः मीठ घातलेला चहा ओतला आणि गोळीसकट पहिली वाटी सुनेपुढे ठेवली. शेजारणींनी नाकं मुरडली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गिळलीस? आता तोंड उघड. डाग बघू दे."

बेगाईमने तोंड उघडलं, मिटलं आणि ती सासूला म्हणाली, "आपा, रोज तोंड उघडून बघता. मला बाजारात विकायला काढलंय का?"

एर्मेकच्या हातातली वाटी तशीच राहिली. उलकानबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. गाल भरले होते, डोळ्यांत खट्याळपणा होता.

"सून उलट बोलायला लागली," त्या डोळे पुसत शेजारणींना म्हणाल्या. "बरी झाली माझी पोर."