आधीच्या घरमालकाला विचारा

चष्मेवाल्याला आपल्या नजरेचा भारी अभिमान. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याचा नंबर ओळखतो, असं तो स्वतःच सांगायचा, आणि दोनदा तो नंबर बरोबरही निघाला होता. वरचा मजला बांधून झाला तेव्हा भाडेकरू कसा निवडावा यावर त्याने महिनाभर डोकं खपवलं. घरं भाड्याने देणाऱ्या चार ओळखीच्यांना गाठलं आणि कुणी काय विचारायचं विसरून पस्तावला होता, ते सगळं एका कागदावर उतरवलं. चौदा प्रश्न झाले. बायको म्हणाली, "अहो, जावई शोधतानाही एवढं विचारत नाहीत."

चौदाच्या चौदा प्रश्न त्याने येणाऱ्या भाडेकरूच्या आधीच्या घरमालकाला फोनवर विचारले. भाडं? एक तारखेला, सकाळी. भिंतीला खिळे? एकही नाही. आरडाओरडा, पाहुणे, शेजाऱ्यांशी वाद? छे, छे. "देवमाणूस आहे हो," पलीकडून उत्तर आलं, तेही प्रश्न पुरता संपायच्या आत. शेवटी चष्मेवाल्याने गमतीने विचारलं, "मग असलं रत्न सोडताय कशाला?" पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग उत्तर आलं, "घर विकायचंय." त्या श्वासाचा अर्थ लावायला आपल्या या नजरबाजाला पाच महिने लागले.

भाडेकरू चाळिशीच्या आतला, एकटा, मृदू आवाजाचा. घरी बसून इमारतींचे नकाशे काढायचा. भाडं एक तारखेला सकाळी. फक्त एकच, त्याने जिन्याच्या वळणावर एक खुर्ची आणून ठेवली. तिथे उजेड चांगला येतो म्हणाला. त्या वळणावरून फाटक दिसायचं, आणि चष्मेवाल्याची मुलगी कॉलेजातून त्याच फाटकाने घरी यायची.

"आज अकरा मिनिटं उशीर," एकदा तो तिला हसून म्हणाला. पुढच्या आठवड्यात, "आज सतरा." तिसऱ्या खेपेला ती त्याला टाळायला मागची भिंत चढून आत उतरली, तर हा मागच्या दाराशी हात पाठीमागे बांधून उभा. "भिंत ओली आहे, जपून," एवढंच म्हणाला आणि वाट देऊन बाजूला झाला.

नंतर एकदा नळ गळतोय म्हणून त्यानेच चष्मेवाल्याला वर बोलावलं. नळ कसला गळतोय! फळीवर एका ओळीत वस्तू मांडलेल्या होत्या. केसांच्या चार पिना, पेनाचं टोपण, चष्म्याची मोडकी काडी, वहीचं फाडलेलं पान. काडी चष्मेवाल्याने लगेच ओळखली. मुलीची चौकट त्यानेच बदलून दिली होती.

"कचऱ्यातलं आहे, काका," तो विचारायच्या आधीच भाडेकरू म्हणाला. "टाकलेलं कुणाचंच नसतं, नाही का?"

चष्मेवाला तसाच पोलिसांकडे गेला. अंगाला हात लावला? नाही. धमकी दिली? नाही. भाडं थकवलं? नाही. "मग तक्रार काय लिहू?" हवालदाराने विचारलं. वकील म्हणाला की करार मोडायला कारण लागतं, आणि कोर्टात गेलात तर दोन वर्षं धरून चाला. इकडे मुलीने कॉलेजला जाणं सोडलं. खोलीची खिडकी उघडेना, धड जेवेना. बाप चौदा प्रश्नांचा कागद काढून पुन्हा पुन्हा वाचायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा.

शेवटी वर जाऊन त्याने हात जोडले. "आमचं घर सोडा."

भाडेकरूला राग आला नाही. "सोडतो की. मुक्काम कुठेही चालतो मला. पण नवे लोक तुम्हाला फोन करणार. तुम्ही काय सांगता, त्यावर सगळं आहे."

गुरुवारी दुपारी फोन आला. घरातले तिघंही जेवायला बसले होते. बाईचा आवाज होता, थकलेला. तिच्याकडे कसला कागद नव्हता. "मी परिचारिका आहे," ती म्हणाली. "कामाच्या वेळा सांगता येत नाहीत. घरी मी आणि माझी लेक, आणि ती दुपारची एकटीच असते. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं. माणूस कसा आहे?"

जिन्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चष्मेवाल्याने ताटावर मान घालून बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्या मनगटाची हाडं वर आली होती.

"देवमाणूस आहे हो," तो म्हणाला.

"बरं झालं बाई," पलीकडून सुटकेचा श्वास आला. "मग रविवारीच या म्हणते त्यांना. फार उपकार झाले तुमचे." तिने आणखी काही विचारलंच नाही. चष्मेवाल्याला तिचा संताप आला. अजून एक प्रश्न विचारायला काय झालं होतं हिला? एक जरी विचारला असता तरी कदाचित त्याची जीभ अडखळली असती.

"रविवारी जातोय तो," त्याने फोन ठेवून सांगितलं. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मुलगी मात्र हलली नाही.

"बाबा, त्यांच्या घरात कोण कोण आहे?"

"मला काय माहीत? विचारलं नाही मी."

"मी ऐकलंय सगळं." तिने हात धुतले, पुसले आणि एक हात त्याच्यासमोर धरला. "फोन दे. मी सांगते त्यांना."

"सांगितलंस तर हा इथून हलणार नाही. दोन वर्षं! कळतंय का तुला?"

"कळतंय."

तिने हात मागे घेतला नाही. चष्मेवाल्याने फोन उघडला, मान खाली घालून त्यातून त्या बाईचा नंबर पुसून टाकला, आणि मग फोन मुलीच्या हातावर ठेवला.